करडीचं धान सुजाताच्या गावात

आमची बुद्धगयेची वारी ठरली ती आत्याच्या दोन वाक्यांवर. "यंदाचा तांदूळ माह्या सोताच्या बांधीतला हाय. त्याची खीर सुजाताच्या गावातच होईन."

आत्या सत्तरीला टेकली आहे. सगळं आयुष्य तिनं दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणी करण्यात घालवलं. दोन वर्षांपूर्वी तिनं आमच्या करडी गावात धानाची एक लहानशी बांधी स्वतःच्या नावावर घेतली आणि यंदा तिथलं पहिलं पीक घरात आलं. सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता तिला लहानपणापासून शेजारची बाई वाटते. त्यामुळे खीर तिथंच, आणि तांदूळ हाच.

मी नागपुरात बँकेत. कोठीच्या कोपऱ्यातली तांदळाची थैली बसमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आलं. एक दाणा सांडू नये म्हणून मी तिला चारही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली. या बंदोबस्ताचा मला फार अभिमान होता.

डिसेंबरच्या थंडीत अडतीस माणसं पांढऱ्या कपड्यांत निघाली. म्होरके होते निवृत्त मेश्रामगुरुजी, गळ्यात शाळेची शिट्टी. तुमसर, बपेरा करत मध्य प्रदेशात शिरलो, जबलपूरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता सारनाथ गाठलं. जाणार असाल तर घोंगडी न्याच, आणि आधार कार्ड सगळ्यात वरच्या खिशात ठेवा. जेवण आमचंच होतं. बसच्या पोटात शेगडी, मोठे पातेले-गंज आणि तांदळाचं पोतं. सारनाथला स्तूपापाशी ध्यानाला बसलेले परदेशी भिक्खू गुरुजींच्या शिट्टीनं दचकून उठले. रखवालदारानं हात जोडले, तेव्हा शिट्टी सदऱ्याच्या आत गेली.

बुद्धगयेच्या महाविहारात पहाटेच जा. मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, त्याची रांग मोठी असते. बोधिवृक्षाखाली आम्ही सगळे वंदना म्हणता म्हणता वर बघत होतो, कारण गळालेलं पान ज्याच्या पुढ्यात पडेल त्याचं. "बुद्धं सरणं" म्हणताना एक पान गुरुजींच्या टकलावर पडलं आणि मागच्या तीन बायांनी एकदमच झडप घातली. पान कोणाला मिळालं ते अजून ठरलेलं नाही.

निरंजना ओलांडली की सुजाताचं गाव. नदीत त्या दिवसांत नुसती रेती होती. गल्ल्यांत मोठी बस जात नाही, म्हणून शेगडी, गंज आणि आत्यासकट आम्ही ई-रिक्षांतून गेलो. मंदिराजवळ एका अंगणात परवानगी मिळाली. दूध उकळायला लागलं. आत्यानं माझी चिकटपट्टी दातांनी तोडली, थैलीत हात घातला आणि मूठ माझ्या नाकासमोर धरली.

"हे काय होय?"

"तांदूळ."

"हे धान होय बे! बिजाईची थैली आनली तुनं!"

पुढच्या हंगामाच्या पेरणीसाठी राखलेलं, टरफलासकटचं धान मी जवळपास हजार किलोमीटर सांभाळून आणलं होतं. तांदूळ करडीतच. मला जमिनीत जावंसं वाटलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "बाई, बसमधी पोतं हाय ना. दोन मुठी टाका अन् चाला."

"तो दुकानातला हाय गुरुजी. जिंदगीभर लोकायचं धान रोवलं. इथं तरी माह्या बांधीतलं देऊ द्या मले." आत्यानं मूठ छातीशी धरली. तेवढ्यात दूध उतू गेलं.

अंगणाची मालकीण एवढा वेळ दारात उभी होती. "क्या हुआ, माताजी?"

आत्यानं आपलं हिंदी काढलं. "ये मेरा भाचा. बँक में काम करके राहिला. इसको धान और तांदूल का फरक नहीं समजता."

बाई हसली. "धान है तो कूट लो. ओखली किसलिए है?"

तिनं परसातलं उखळ दाखवलं आणि पुढचा दीड तास आम्ही बुद्धाच्या भूमीवर धान कांडलं. बाया दोघी-दोघींनी मुसळ हाणत होत्या, आत्या सुपानं पाखडत होती. मला मुसळ दिलं तेव्हा निम्मं धान उखळाबाहेर उडालं, ते दोन कोंबड्यांनी टिपलं. माझ्या तळहाताला फोड आले. "आता समजला फरक?" आत्यानं विचारलं. गुरुजींनी सदऱ्यातून शिट्टी काढली आणि मुसळाला ताल धरला.

खीर तांबूस झाली, त्यात कोंडा तरंगत होता. आत्यानं ती मंदिरात ठेवली, त्रिसरण म्हटलं आणि डोळे मिटून इतका वेळ बसली की मला काळजी वाटू लागली. बाहेर आल्यावर पहिली वाटी तिनं मालकिणीला दिली. निघताना बाई म्हणाली, "थोड़ा बीज हमको भी दीजिए." आत्यानं ओंजळभर धान दिलं. बाईनं आपल्या कणगीतलं तेवढंच तिच्या पदरात टाकलं.

कुशीनगर, लुंबिनी झालं. नेपाळच्या हद्दीवर बसचे कागद करायला तीन तास जातात, सोबत मुरमुरे ठेवा. उरलेल्या थैलीला मला कोणी हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर कोठीत पाहिलं तर थैलीशेजारी पांढऱ्या फडक्यात एक गाठोडं होतं.

"हे वेगळं कायले?"

"सुजाताच्या गावची पाहुनी होय ते. माह्या बांधीत धुऱ्याजवळ, कडेले जागा देईन तिले."

संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बाया जमल्या. कोपऱ्यात राहून गेलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र तांदळाची खीर आत्यानं सगळ्यांना वाढली. एकीनं विचारलं, "बाई, मंग तिथली खीर कशी झाल्ती?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फोड आलेले हात मागे लपवले.

"कोंडा लागत होता दाताले," ती म्हणाली. "पन माही होती."