तुकिरानकाकांची लोकशाही

जावातल्या क्लातेन गावाजवळच्या त्या गल्लीत लोकशाही हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असे, पण प्रत्येकाच्या तोंडात त्याची चव निराळी. लास्त्रीवहिनींच्या लेखी लोकशाही म्हणजे सभेनंतरचं तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. निवृत्त हार्योनो गुरुजींच्या लेखी, आपण बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. उरलेल्यांचा अर्थ अगदी सुटसुटीत होता: सभेला जो नसेल, त्याला गल्लीप्रमुख करून टाकायचं. समोर बसलेल्या माणसाच्या गळ्यात काम मारणं जावातल्या माणसाला जड जातं. आणि जो हजरच नाही, तो नको तरी कसा म्हणणार?

तुकिरानकाका असेच प्रमुख झाले होते, मेहुणीच्या लग्नाला गेले असताना. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गटारसफाईचं श्रमदान आणि हाती फावडं. पिंजरे उंच बांबूंवर चढवून होल्यांच्या घुमण्याच्या स्पर्धा होत, त्याही नेमक्या रविवारी सकाळीच. काकांचा होला असा घुमायचा, की शेजारची नवराबायको भांडणं अर्ध्यावर सोडायची. परीक्षकांच्या कानी मात्र तो कधी पडलाच नव्हता. आता पक्षी म्हातारा होत चालला होता. यंदा काकांनी ठरवलं, सुटायचंच.

निवडीच्या संध्याकाळी ते लास्त्रीवहिनींच्या घरी सगळ्यांआधी येऊन बसले. गल्लीतला सुगितो सोलो शहरात गेलेला, म्हणजे काम फत्ते! पण गुरुजींनी लोकशाहीवर बोलायला घेतलं आणि वहिनी गोड चहा ओतत राहिल्या. काकांनी बराच वेळ मांडी आवळून धरली. शेवटी उठलेच. "आलोच हं."

परत आले तो टाळ्या.

"अभिनंदन, काका! सर्वानुमते!"

"अहो, मी हजर आहे! आणि तो सुगितो?"

"हा काय," दारात चपला काढत सुगितो म्हणाला. "आज मेली बसच वेळेवर आली."

"पण मी नुसता मोरीत गेलो होतो!"

"म्हणजे इथे नव्हतात," गुरुजी म्हणाले. "लोकशाहीत काय असतं—"

"राहू द्या, गुरुजी." काका मटकन बसले. वहिनी तेम्पे आणायला आत वळलेल्या त्यांनी पाहिल्या आणि घसा खाकरला. "बरं तर. श्रमदान यापुढे रविवारी संध्याकाळी. चालेल ना?"

"हो हो," सगळे म्हणाले. नाही म्हणायची तिथे कुणाला सवय?

"संध्याकाळी?" ताट घेऊन आलेल्या वहिनी कडाडल्या. "तेव्हा माझी मालिका असते! मला कुणी विचारलं?"

"सगळ्यांना विचारलं, वहिनी. तुम्ही नव्हतात."

ताट काकांना टाळून पुढे सरकलं. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. रविवारी सकाळी होल्याचा पिंजरा मैदानातल्या उंच बांबूवर चढणार होता.