मग भ्यालं कोण?

नानांकडं वकिली शिकायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझा खून झाला. खोटं नाही सांगत! जामिनावर सुटलेला एक आरोपी ऑफिसात आला होता. नानांनी त्याच्या हातात छत्री दिली, मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "ही मयत. त्या दिवशी कसं मारलं ते दाखव." तो बिचारा इतका घाबरला की त्यानं छत्री उघडलीच. शेवटी मीच हळूच सांगितलं, मारा हो दादा, काही नाही होत.

नाना बीडच्या कोर्टात खुनाचे खटले लढवायचे, कायम आरोपीच्या बाजूनं. मूळचे उमापूरचे, धोतरातून पँटीत आले पण बोलणं गावातच ठेवलेलं. त्यांची पद्धतच अशी, कागद नंतर, आधी नाटक. आरोपी दर वेळी नवा, मयत मात्र मीच. त्यामुळं माझं नावच पडलं मयतबाई. खालचा चहावालासुद्धा ओरडून विचारायचा, मयतबाईंचा बिनसाखरेचा का? मी फरशीवर पडले की नाना खुर्चीतून वाकायचे आणि विचारायचे, "बोला मयतबाई, तुमचं काय म्हणणं?" मला आधी आधी हसू फुटायचं. नाना हसायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, मेलेल्याच्या बाजूनं सरकारी वकील भांडतो, पण त्याला शेवटी समोर काय दिसलं ते कोणीच विचारत नाही. ते आपण विचारावं.

आणि त्यांचा तो तराजू! मी नवीन नवीन, कलमं पाठ. एकदा मी तोऱ्यात म्हणाले, स्वतःचा जीव वाचवायला मारलं तरी धोक्याएवढंच मारायला पाहिजे, जास्त नको. नाना म्हणाले, "बराबर हाय. पण मोजायचं कशानं? सोनाराच्या काट्यानं का आडतीवरच्या? भ्यालेल्या माणसाचा हात गुंजभर इकडंतिकडं होणारच. पोतंभर झाला तर मग बोला." आता पुस्तकात तीच गोष्ट दोन पानं घेते, बघा.

पण नाना खरे कळले ते शेवंताबाईच्या खटल्यात.

शेवंताबाई आष्टीकडची, ऊसतोड करणारी. दुष्काळात एका सहकारी संस्थेनं माळावर चारा छावणी काढली होती, तिथं ती दोन बैल घेऊन राहिलेली. एका सकाळी ती बैलांना कोयत्यानं ऊस तोडून टाकत होती. छावणीचा सुपरवायझर आला. तुझं गाव या छावणीत येत नाही, जनावरं हलव, म्हणाला. वरून तसा हुकूम होता. ती हलेना, तेव्हा त्यानं बैलाचा लोखंडी खुंटा उपटला. बैल सुटला, ती दावं धरायला धावली, आणि खुंटा तिच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं. मग कोयत्याचे दोन वार झाले. एक त्याच्या मनगटावर, एक मानेवर. तो जागेवर गेला.

हे सगळं तिच्या तोंडून आम्हाला नंतर कळलं. कारण शेवंताबाई ऑफिसात आली ती एकच वाक्य घेऊन, मी तितं नव्हतेच. सोबत दीर होता, त्यानंच पढवलेलं. आपल्याकडं असंच असतं ना, गावात कोणावर केस झाली की पारावरचे सगळे वकील सांगतात, काय बी विचारलं तरी माहीत न्हाई म्हणायचं. दीर म्हणाला, कबूल केलं तर जन्मठेपच की नाना, तिची दोन लेकरं कोणी बघायची?

नानांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. आवाज एकदम बारीक. "बाई, तुमी तितं नव्हता, तर मग भ्यालं कोण?"

तिनं पदर मोडलेल्या खांद्यावर ओढून घेतला. नानांनी सरळ सांगितलं, खरं बोललात तर सुटालच असं मी म्हणत न्हाई, दुसऱ्या वारावर सगळं अडणार हाय. पण जी तितं नव्हती तिची भीती कोर्ट तोलणार कसं? तराजूत ठेवायला काहीतरी द्या मला. दीर तणतणत खाली गेला. शेवंताबाई मग स्वतःच उठली.

छत्रीचा कोयता झाला. मी सुपरवायझर. माझ्या हातात लाकडी रूळ, तो खुंटा. मी तिच्या खांद्याजवळ तो आणला तशी ती अशी काही दचकली की मीच अर्धं पाऊल मागं सरले. तिनं छत्री माझ्या उजव्या मनगटावर टेकवली, मी रूळ सोडला, आणि वाकले. छत्री मानेला लागली. पडले.

"मयतबाई, कावून वाकलात?"

"रूळ उचलायला, नाना. डाव्या हातानं."

आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघतच राहिलो! सरकारी वकिलांचं सगळं म्हणणं हेच होतं की खुंटा पडला, माणूस निःशस्त्र झाला, वाकला, तरी हिनं मारलं, म्हणजे हा सूड. पण वाकला कशाला? पुढं साक्षीत सरकारचाच पंच, एक दूधवाला, नानांनी विचारल्यावर बोलून गेला की खुंटा मयताच्या डाव्या हाताखाली होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तुटलं होतं ते उजवं मनगट. नाना थँक्यू म्हणून खाली बसले. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. नानांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

युक्तिवाद मी टाईप केला, त्यात सुपरवायझरला गुंड लिहिलं होतं. नानांनी शब्द खोडला. "नोकर माणूस होता. त्याची बी नोकरी छावणीवरच होती. भांडण खुंट्याचं हाय, माणसाला नावं ठेवू नका."

पुरावा संपला की जज आरोपीला स्वतः विचारतात. शेवंताबाई पिंजऱ्यात, दीर मागच्या बाकावर, मान नाही म्हणून हलवतोय. जजनी विचारलं, तुम्ही मारलं का? मला वाटलं, संपलं, आता म्हणणार माहीत न्हाई.

"मारलं साहेब. खुंटा उचलाया वाकला म्हून दुसऱ्यांदा मारलं. त्यानं उचलला असता तर म्या ऱ्हायले नसते. लई भ्याले."

निकालाच्या दिवशी जजनी तिला सोडलं. त्या क्षणी तिच्या जागी उभ्या माणसानं दुसरा वार मोजूनमापून करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही, असं म्हणाले. दीर रडत पेढ्याचा बॉक्स घेऊन आला. नानांनी त्याचा हात धरला. "हितं न्हाई. स्टँडवर." व्हरांड्यात बाकावर सुपरवायझरची आई बसलेली होती. नाना तिच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले; दर सुटकेनंतर ते मयताच्या माणसांसमोर असंच करायचे. म्हातारीनं तोंड फिरवलं. मी चिडून म्हणाले, बघितलंसुद्धा नाही हो तिनं. नाना म्हणाले, "कावून बघावं? बघावं असं मी तिचं काय केलंय?"

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. कोर्टातून आले, बूट काढले, आणि बसल्या जागी. तेराव्याला शेवंताबाई आली होती, एका कडेला बसून भांडी घासत राहिली.

ऑफिस आता मी चालवते. परवा खुनाचा एक आरोपी आला, पोरगाच. मी तिथं नव्हतोच म्हणाला. मी खुर्ची ओढली, विचारलं, मग भ्यालं कोण? त्याचा चेहरा असा उतरत गेला की मला पुढचं विचारावंच लागलं नाही. मी त्याच्या हातात छत्री दिली. मयत व्हायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच उभी राहिले. त्यानं दाखवलं, मी पडले.

आणि फरशीवर पडून वाट बघत राहिले. पोरगा छत्री घेऊन उभाच. म्हणाला, मॅडम, लागलं का?

मी म्हणाले, नाही रे, थांब जरा. अजून कोणी विचारलं नाही मला.