सिंधूताईंचा कानाचा पाठ

हुडकेश्वरच्या आमच्या बालवाडीत सिंधूताई बावीस वर्षं शिकवताहेत. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मी, शेजारच्या वर्गाची बाई, भांडायला उभी. आता त्या स्वतःच स्वतःला नको नको ते बोलतात, तेव्हा भांडू कुणाशी?

त्यांचा कानाचा पाठ बघायला आम्हीसुद्धा दाराशी उभ्या राहायचो. एकसारखे पत्र्याचे डबे, एकात तांदूळ, एकात चिंचोके, एकात खडे. डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते मुलांनी ओळखायचं. पण नुसता आवाज ताईंना पटायचा नाही. उजव्या हाताने डबा हलवता हलवता त्या डाव्या हाताने खूण करायच्या. तांदळाला घास भरवल्याची, खड्यांना फेकल्याची. मुलांनीही तीच खूण करायची. तपासणीला आलेल्या मॅडम खूश होऊन जायच्या.

वेदिका या खेळात सगळ्यात पुढे. साडेतीन वर्षांची आली, बोलायची मात्र नाही. बुजरी आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. तेव्हा तिची आई कामिनी एकदा वर्गात आली होती.

"ताई, मले शंका येऊन राहिली. मागून आवाज दिला तर पोरगी वळूनच पाहत नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवू का इले?"

ताई हसल्या. "काहून घाबरतं वं? डब्यांच्या खेळात पहिला नंबर असते तिचा. बोलंल हळूहळू."

कामिनीचा चेहरा उजळला. दवाखाना राहिला. मी तिथेच होते, मीही मान डोलावली.

यंदा श्रावणात ताई अंगणात घसरल्या आणि डावा हात प्लॅस्टरमध्ये गेला. पाठ मात्र त्यांनी चुकवला नाही. नुसता डबा वाजवला. "तांदूऽऽळ," मुलं ओरडली. वेदिका आधी ताईंच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघत राहिली, मग बाकीच्यांच्या हातांकडे, आणि मग तिने घास भरवला. दुसऱ्या डब्याला तेच. त्यांनी हात डोळ्यांवर ठेवून दाखवला आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

सगळ्यांनी मिटले, वेदिकानेही. ताई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तांदूळ वाजवले, खडे वाजवले. शेवटी त्यांनी डबाच फरशीवर टाकला. मुलं दचकून उठली, एक तर रडायलाच लागलं. वेदिका डोळे घट्ट मिटून, हसत, खेळ सुरू व्हायची वाट बघत बसली होती.

मग दवाखाना, तपासण्या. दोन्ही कान जन्मापासूनच बंद. डॉक्टर म्हणाले, कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन करता येईल, पण पोरगी पाच वर्षांची होत आली. बोलणं किती येईल ते सांगता येत नाही, वर्ष-दीड वर्ष आधी आणायला हवी होती. ताई आणि मी सोबत गेलो होतो. कामिनीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती एवढंच म्हणाली, "सासू म्हणत होती, दाखवून ये. मीच म्हटलं, सिंधूताईंनं पाह्यलं आहे."

त्या दिवसापासून ताईंना झोप नाही, जेवण नाही. मला सारखं विचारतात, "बावीस वर्षांत अशी किती पोरं माझ्या हाताकडे पाहून पास झाली असतील गं?" मला त्यांची कीव येते आणि रागही येतो, आणि तेवढाच राग स्वतःचाही येतो.

ऑपरेशनची तारीख अजून लागलेली नाही. तोवर वेदिका वर्गात येते. रोज मधल्या सुट्टीत ताई तिच्या मागे उभ्या राहून डबा वाजवतात, खांदा दुखेपर्यंत. मी समजावून थकले. काल डबा वाजला तशी खाऊ खात बसलेली मुलं मागे वळली. त्यांना बघून वेदिकाही वळली, ताईंना बघून खुदकन हसली आणि खेळातल्यासारखा आपल्या हाताने तिने त्यांना घास भरवला.