मौनाचे नऊ दिवस

लग्न होऊन मी रिसोडला आले तेव्हा माझा नवरा शाळेत मास्तर होता आणि इंद्रियं जिंकायच्या मागे लागला होता. मंगरूळपीरच्या एका योगशिबिरातून त्यानं वही भरून आणली होती. इंद्रियं म्हणजे उधळलेले घोडे, असं तो मला शिकवायचा. आधी त्यानं जीभ जिंकायला घेतली. घरात अळणी स्वयंपाक सुरू झाला, माझ्यासाठीही. मग नाक. शेजारी ठेचा वाटला की मला जवळ बसवायचा आणि म्हणायचा, "वास येऊ दे. मन तिकडं जाता कामा नये." माझं मन तिकडंच असायचं.

आणीबाणी उठली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यानं नऊ दिवसांचं मौन धरलं. जवळ एक पाटी ठेवली. काही लागलं की तिच्यावर लिहायचा. पाणी. पंचा. एकदा लिहिलं, "हळद जास्त झाली."

नवव्या दिवशी अंघोळ करून त्यानं मौन सोडलं आणि मला म्हणाला, "तुझी आई अत्यवस्थ आहे. अनसिंगचा माणूस निरोप देऊन गेला."

"कवा?"

"चौथ्या दिवशी. तू पाण्याला गेली होतीस."

"मंग पाटीवर काहून नाही लिहिलं?"

"पाटी देहाच्या गरजेपुरती होती," तो शांतपणे म्हणाला.

मी नेसत्या लुगड्यानं एसटीत बसले. माहेरी अनसिंगला पोचले तर घरात बायका जमलेल्या. मायला जाऊन तीन दिवस झाले होते. भाऊ म्हणाला, "काहून आली नाही व तू? माय दाराकडं पाहून राह्यली होती."

मी त्याला काहीच सांगितलं नाही. नवऱ्याची लाज वाटली.

तेरवीला नवरा आला. पंगतीत बसून त्यानं स्वतःच सगळं सांगितलं, कौतुकानं. निरोप ऐकला, छाती धडधडली, पण जीभ हलू दिली नाही. भाऊ वरण वाढत होता. त्यानं बादली खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या थोबाडीत मारली.

नवऱ्यानं डोळे मिटले, लांब श्वास घेतला. "चित्त शांत आहे," म्हणाला. पण त्याची हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती, डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं होतं. मला फार बरं वाटलं. मी मोठ्यानं हसले. थांबताच येईना.

"माय मेली अन् हासून राह्यली?" मावशी ओरडली. गावानं ते हसणं पुढं कितीतरी वर्षं लक्षात ठेवलं. त्याचं मौन कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

भावाकडं दोन खोल्या होत्या, पाच लेकरं होती. राहा असं कोणी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मागोमाग एसटीत चढले. रडणं हासुद्धा इंद्रियांचाच चाळा आहे, हे तो मला वाशीम येईपर्यंत समजावून सांगत होता.