खुर्चीला घातलेला हार

तात्यांची पंच्याहत्तरी हाय, गौरव अंकात तूबी लिही, असं आमच्या सरपंच सुरेखाताईंनी सांगितलं. माझं शिक्षण जेमतेम. बोलतो तसंच लिहितो.

तात्यांची माझी गाठ भोंग्यावरनं पडली. तात्या तवा सरपंच होते. शाळेत असताना म्या पंचायतीच्या भोंग्यावरनं गावभर शाळंला सुट्टी जाहीर केली. तात्यांनी कान पिळला न्हाय. म्हणले, आवाज खणखणीत हाय, आता रोज पाणी सुटल्याचं तूच सांगायचं. तवापासनं माईक माझ्याकडंच.

पुढं तात्या निवडणूक हरले, सुरेखाताई निवडून आल्या. आमच्याकडं जुन्या सरपंचानं नव्याला हार घालून गावाच्या वतीनं शुभेच्छा द्यायच्या, अशी रीत. मागं एकदा हरलेला माणूस आलाच न्हाय, तर दोन आळ्यांत डोकी फुटली. म्हणून ताईंच्या सत्काराच्या दिवशी सगळ्यांची नजर मंडपाच्या तोंडाकडं.

तात्या आले. अनवाणी. शुभेच्छा दोनच वाक्यांत दिल्या, अन् हार ताईंच्या गळ्यात न घालता त्यांच्यासाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्चीला घातला.

मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा तो हार. ताईंच्या पुतण्यांनी, जित्या बाईला मारता व्हय, म्हणत काठ्या उचलल्या. हसण्यावारी न्यावं म्हणून म्या माईकवरनं म्हणलं, "तात्या, चष्मा घरी राहिला का?"

कुणी हसलं न्हाय. तात्या ताईंकडं बघून हळू बोलले, "पोरी, धाकटा भाऊ गेला सकाळी, उमरग्याला. मला सुतक हाय. या हातानं तुझ्या गळ्यात हार कसा घालू? अन् आलो नसतो, तर गाव पेटलं असतं."

माईक चालूच होता. सगळ्या गावानं ऐकलं.

ताईंनी खुर्चीवरचा हार उचलून स्वतःच गळ्यात घातला. सुतकात शिवायचं नसतं, तरी तात्यांच्या पाया पडल्या. गुलालाची पोती बांधलेलीच राहिली. मिरवणुकीच्या जीपांतनं दोन्ही आळ्या उमरग्याला मातीला गेल्या. वाटंत तात्या एकदाच बोलले. मला म्हणले, चष्म्याचं बरं होतं, येळ चुकली.

सुतक फिटल्यावर महिनाभर पंचायतीत येऊन त्यांनी ताईंना सगळी कामं समजावून दिली.

तात्या, रिकाम्या खुर्चीवरचा हार मला अजूनबी बघवत न्हाय. म्हणून सत्काराला आधी तुमाला खुर्चीत बसवणार, मगच हार घालणार. असेच दरसाल गळा पुढं करा, ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. आमी हार घिऊन येतो, तुमी खुर्ची रिकामी ठिवू नका.