एका हातानं घ्यायचा शेक

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा डावा खांदा धरला. सकाळी शर्ट घालायला गेलो तर हात बाहीत जाईना. चिकलठाण्याच्या कंपनीत उभी नोकरी मशीनवर काढली, तेव्हा हा खांदा कधी कुरकुरला नाही, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर रुसला. मुलगा बेंगळुरूला. मुकुंदवाडीच्या घरात मी एकटाच.

चौकात फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरबाई आहेत. त्यांनी हात वर करून पाहिला, मी ओरडलो, तेव्हा म्हणाल्या, "काका, खांदा जाम झालाय. व्यायाम करा आणि दोन्ही वेळा शेक घ्या. पिशवी घसरते, तेवढी घरात कुणाला तरी धरायला सांगा."

मी "हो" म्हणून घरी आलो.

रबराची पिशवी आणली. ती खांद्यावर ठेवली की पाठीवरून खाली जायची. उजव्या हातानं धरावी तर तो हात भरून यायचा. शेवटी कपाट आणि खांदा यांच्यामध्ये पिशवी दाबून, तोंड भिंतीकडं वळवून मी उभा राहायचो. एकदा तिचं बूच नीट लागलं नव्हतं. गरम पाणी पाठीवर सांडलं आणि मी घरातल्या घरात मोठ्यानं शिवी दिली. शिवी कुणी ऐकली नाही याचंच जास्त वाईट वाटलं. बायको असती तर आधी हसली असती आणि मग टॉवेल घेऊन आली असती.

त्या दिवशी फडताळातल्या ज्वारीच्या डब्याकडं लक्ष गेलं. भाकरी मला थापता येत नाही, त्यामुळं तो डबा ती गेल्यापासून तसाच होता. लहानपणी गावाकडं आई फडक्यात गरम ज्वारी बांधून शेकायची, ते आठवलं. जुन्या पॅन्टचा एक पाय कापला, दोन्ही तोंडं सुतळीनं आवळली, आत ज्वारी आणि थोडा ओवा भरला आणि तव्यावर मंद आचेवर गरम केला. ऊब लई छान. पण खांद्यावर टाकला की सगळी ज्वारी खाली जाऊन गोळा व्हायची. मधे कप्पे पाहिजेत आणि काखेतून फिरवून एका हातानं लावता येईल असा पट्टा पाहिजे, हे माझ्यासारख्या फिटरला लगेच समजलं. ते शिवायचं कसं, एवढंच समजत नव्हतं.

शिलाई मशीन घरात होतं. बायको गल्लीतल्या बायकांची ब्लाउज शिवायची. तिच्यामागं कुणी ते उघडलं नव्हतं. चाक फिरेना म्हणून शहागंजमधून एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं तेल घातलं, झटकलं, चालवून पाहिलं.

"चाचा, मशीन तो अच्छी है. बस बैठे बैठे अकड गई."

"माझ्यासारखंच," मी म्हणालो.

तो हसला. "किसके वास्ते चालू करवा रे? बहू आनेवाली क्या?"

"नाही. अपने वास्ते."

त्यानं एकदा खोलीत नजर फिरवली. मग खाली बसला आणि मला सुई ओवायला, बॉबिन भरायला शिकवलं. मी दोनदा चुकलो, तरी उठला नाही.

बायकोनं एका पेटीत कापडाचे तुकडे जपून ठेवले होते. ब्लाउजातून उरलेले, अस्तराचे, कुणी परत न नेलेले. पहिली नीट पिशवी त्यातल्याच पोपटी कापडाची झाली. शिलाई वाकडी होती, पण पिशवी खांद्यावर बसली आणि बसून राहिली. मी खुर्चीत टेकलो. हात मोकळे होते. कितीतरी दिवसांनी शेक घेता घेता चहा प्यायलो.

ती घालूनच व्यायामाला गेलो. डॉक्टरबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुणी करून दिली?" मी केली म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. तिथं बसलेल्या एका आजींनी मात्र लगेच ती मागितली. "माझा लेक रात्रपाळीला असतो. मला बी एक करून दे ना बाबा."

आजींच्या मागून त्यांची बहीण आली, मग मेडिकलवाला आला. कंबरेला लागते तशी रुंद, मानेला लागते तशी बाक दिलेली, असे प्रकार वाढत गेले. सकाळी जाधववाडीला जाऊन ज्वारी आणायची, निवडायची आणि दुपारभर मशीनवर बसायचं. गल्लीतली माणसं दारातून डोकावून म्हणायची, "काय मामा, टेलर झाले काय?" मी म्हणायचो, "व्हय, झालो." तेवढंच बोलणं व्हायचं, पण व्हायचं.

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा त्यानं खूप प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी त्याचा आपणहून फोन आला.

"बाबा, याला नाव पाहिजे. लेबल पाहिजे. आपण आईचं नाव देऊ."

"नको."

"अहो, पण का? तिचंच मशीन, तिचंच कापड."

मला नीट सांगता येईना. तिला मी जन्मभर 'अगं' म्हणत आलो. तिचं नाव माझ्या तोंडातही फारसं आलं नाही. ते कागदावर छापून, चिकटवून, अनोळखी माणसांच्या कंबरेला बांधायचं, हे मनाला पटेना. मी म्हटलं, "नुसतं 'ज्वारीची शेकपिशवी' लिही." तो जरा नाराज झाला, पण त्यानं लेबल तसंच करून पाठवलं.

नंतर एक दिवस पेटीत हात घातला तर तळाला फक्त हुक, बटणं आणि खडू होता. तुकडे संपले होते. मी ते संपतील असा विचारच केला नव्हता. तिनं जमवलेलं सगळं मी शिवून, भरून गावभर पाठवून दिलं होतं. तसाच गुलमंडीत गेलो आणि मांजरपाटाचा ताका आणला. पांढरं, कोरं कापड. दुकानदार म्हणाला, "एकदम मजबूत आहे." होतंच. त्याच्या पिशव्या आधीच्यांपेक्षा चांगल्या झाल्या.

पावसाळ्यात पिशव्यांना किडे झाले. ज्वारी मी भाजून भरत नव्हतो. गरम होते म्हणून किडणार नाही, असं मला वाटलं होतं. फोन सुरू झाले. मी एकेकाच्या घरी जाऊन पिशव्या परत आणल्या आणि नव्या भाजलेल्या ज्वारीच्या दिल्या. काहींनी ऐकवलं, काहींनी पुन्हा घेतली नाही.

छावणीत एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांची तक्रार आली नव्हती, मीच फोन करून गेलो. त्यांनी दार उघडलं तेव्हा पिशवी मानेलाच होती.

"बाई, त्यात किडे झाले असतील. द्या, मी उद्या दुसरी आणतो."

"झालेत ना. दिसतात मला. उन्हात घालते मी." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तुम्ही आज नेली तर आज मी काय करू?"

मग तिथंच बसून शिवण उसवली. त्यांच्या कढईत त्यांच्याच डब्यातली ज्वारी भाजली, भरली आणि सुईदोऱ्यानं तोंड बंद केलं. त्या समोर बसून बघत होत्या. चहा दिला.

"घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"हं," त्या म्हणाल्या. "इथंही तसंच आहे."

त्यापुढं आम्ही दोघं ज्वारीबद्दलच बोललो. मग त्या मधूनमधून फोन करायच्या. पट्टा सैल झालाय, ओव्याचा वास गेलाय. काम पाच मिनिटांचं असायचं आणि मी तासभर बसायचो. हिवाळ्यात एकदा त्यांच्यासाठी लांब पट्ट्याची पिशवी घेऊन गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्यांना भाच्यानं नाशिकला नेलं. तब्येत बरी नव्हती." फोन लावला, तो बंद होता. पिशवी शेजारणीकडं ठेवावी का, असं वाटलं, पण ठेवली नाही. बसस्टॉपवर बराच वेळ उभा होतो. दोन बस सोडल्या.

आता काम मला एकट्याला झेपत नाही. शेजारच्या गल्लीतल्या दोघीजणी दहाला येतात, पाचला जातात. त्या शिवतात, मी ज्वारी भाजतो आणि भरतो. बाहेरगावच्या ऑर्डरी न्यायला कुरियरवाला रोज येतो. खांदा बरा झाला. दिवाळीत मुलगा, सून आणि नात आली. मुलगा घरात शिरला आणि उभाच राहिला. बाहेरच्या खोलीत दोन मशीनं, आतल्या खोलीत पोती आणि खोके.

"बाबा, तुम्ही झोपता कुठं?"

मी स्वयंपाकघरातली घडीची खाट दाखवली. त्यानं खाटेवर हात दाबून पाहिला. जेवण झाल्यावर म्हणाला, "आता बास झालं. तुम्ही बेंगळुरूला चला. तिकडंच राहा."

"आणि ऑर्डरी?"

"त्या दोघी बघतील."

"नाय जमायचं त्यांना. ज्वारी मलाच भाजावी लागते."

तो अजून आग्रह करील म्हणून मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पण तो म्हणाला, "ठीक आहे, तुमचं मन रमतंय ना, मग झालं." आणि त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याला दोष देत नाही. तिकडं त्यांचं दोन खोल्यांचं घर, दोघांच्या नोकऱ्या. पण दिसलं ते दिसलंच.

परतीच्या दिवशी मी विमानतळापर्यंत गेलो. नातीनं काचेच्या आतून हात हलवला, मग तिला आतलं दुकान दिसलं आणि ती तिकडं पळाली. रिक्षानं घरी आलो.

सकाळी दोघी कामाला आल्या. एकीनं चपला काढता काढता विचारलं, "गेले का पाव्हणे, मामा?"

"गेले."

"मंग आज कंबरेच्या करायच्या का मानेच्या?"

"मानेच्या," मी म्हणालो आणि कढई चुलीवर ठेवली.