वारलूनं वायपरची मोटर बसवली

...तर काल सुतळीपर्यंत आलो होतो. वारलूच्या जुन्या पिकअपची वायपरची मोटर जळाली, तेव्हापासून त्यानं वायपरच्या दोन्ही काड्यांना सुतळी बांधलेली. एक टोक त्याच्या खिडकीतून आत, दुसरं शेजारच्याच्या. पाऊस आला की आळीपाळीनं ओढायचं. पुढं बसायचा मान ज्याला, सुतळी त्याच्या हाती. मी स्वतः तीन पावसाळे ओढली आहे. नांगर धरून भरले नाहीत एवढे माझे दंड तिनं भरले.

वारलू आमच्या घरामागं राहतो. शाळा माझ्यासारखीच सातवीपर्यंत, पण बिघडलेलं काही दिसलं की आधी उघडणार, मग विचार करणार. बायकोचा, म्हणजे रुखमाबाईचा, मिक्सर त्यानं एकदा दुरुस्त केला. तेव्हापासून ती पाट्यावर वाटते.

त्याच्या पोरीला, मयुरीला, अहेरीकडून सोयरीक आली. पोरगा निकेश. मयुरीनं त्याला मनात कधीच पसंत करून टाकलं होतं. आमच्याकडं आधी पोराचा बाप एकटा येऊन घर पाहून जातो. वारलूनं निरोप धाडला, एसटीनं येऊ नका, मी गाडी घेऊन येतो. दिवाळी सरली होती, तरी आभाळ काही हटत नव्हतं. मयुरी म्हणाली, "बाबा, सोयऱ्याच्या हाती सुतळी देल्ली, तं माह्यं लगन त्याच सुतळीवर वाळत राहीन."

पोरीचं बोलणं बापाला लागलं. तो कोरपन्याच्या भंगारातून तशाच गाडीची मोटर घेऊन आला. मी पाने द्यायला बसलो. काड्या काढल्या, काचेखालची जाळी उचलली, बोल्ट खोलले, जुनी मोटर बाहेर. दुसरी बसवून तार जोडली, काड्या जागेवर आडव्या नुसत्या अडकवल्या. नट तेवढे आवळायचे राहिले, तर रुखमाबाई हार घेऊन हजर. नवं लोखंड पूजेशिवाय चालवायचं नाही, हा आमचा नेम. हार काचेवरून घसरू लागला, म्हणून तिनं दोन्ही काड्या सरळ उभ्या फिरवल्या आणि त्यांच्यावर टांगला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग झेंडूची एक पाकळी मोडू न देता वारलूनं काड्या तशाच उभ्या धरून नट आवळले.

मी म्हटलं, "एकदा चालवून तं पाय."

"कोरड्या काचेले चरे पडते, आजा."

हार उतरवला तरी काड्या उभ्याच. मी म्हटलं, राहू दे, सोयऱ्याला नमस्कार केल्यासारख्या शोभतात.

दुसऱ्या दिवशी अहेरीहून इसरूभाऊंना, म्हणजे निकेशच्या बापाला, घेऊन निघालो. पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस. ते खिडकीशी, मी मध्ये. आष्टीच्या अलीकडं जंगलातच पाण्यानं गाठलं. वारलूनं तोऱ्यात बटन दाबलं. मोटर चालली, खोटं कशाला बोलू, फार गोड चालली. पण काड्या उभ्यापासून निघाल्या त्या काचेचं काम सोडून वारलूकडंच आडव्या होऊ लागल्या. त्याच्या पुढची काडी काच ओलांडून बाहेर जाई आणि खिडकीत टेकलेल्या त्याच्या कोपराला चापट मारून परत येई. प्रत्येक चापटीसोबत ओंजळभर पाणी त्याच्या कानात. इसरूभाऊंच्या पुढची काच मात्र होती तशीच, धो धो.

इसरूभाऊ वारलूकडं वळले. मग म्हणाले, "भाऊ, हे काच पुसून राह्यलं का तुमाले?"

वारलूनं गाडी कडेला घेतली.

"मोटर कोन बसवली ही?" इसरूभाऊंनी विचारलं.

सोयरीक हातची जाते असं वाटून मी मध्येच बोललो, "गोंडपिपरीचा मिस्त्री आहे एक. लय नाव आहे त्याचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मी वारलूभाऊले विचारून राह्यलो. घर मंग पाहीन, आधी मानूस पाहू द्या."

वारलूनं दुपट्ट्यानं कान पुसला. मयुरीची सोयरीक जमली ती त्याच्या या उत्तरावर, म्हणून जसंच्या तसं सांगतो:

"मीच बसवली, भाऊ. नट ढिले करतो, काड्या आडव्या करतो, पाच मिन्टं लागतीन. पोरीची फिकर नोका करू. तिले तिच्या मायनं घडवलं, तिथं मले पाना लावू देल्ला नाई."